गोळीला शेवटची तारीख हवी

इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत जेवणाच्या टेबलावर गोळ्यांचा डबा आता कायमचा मुक्कामाला आला आहे. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी त्यात असतेच, पण डबा भरतो तो इतर गोष्टींनी. हाडांसाठी कॅल्शियम, आठवड्याला एक डी थ्री (ड जीवनसत्त्व), नसांसाठी बी कॉम्प्लेक्स, केसांसाठी बायोटिन, सांध्यांसाठी आणखी काही, हृदयासाठी माशाच्या तेलाची कॅप्सूल, आणि परदेशातल्या मुलानं पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली. यातली कोणती गोळी कोणी, कधी, कशासाठी सुरू केली, असं विचारून पाहा. रक्तदाबाच्या गोळीचं उत्तर डॉक्टरांच्या नावासकट मिळतं. बाकीच्यांचं उत्तर बहुतेक वेळा एकच: "चालू आहे."

हे "चालू आहे" मला धोक्याचं वाटतं. ताकदीची गोळी घ्यावी की नाही यावर घरोघरी वाद होतात, पण ती थांबवायची कधी, हे कोणीच विचारत नाही. सुरू करायला ठोस कारण आणि संपवायला तारीख, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय अशी कोणतीही गोळी घरात येऊ नये, असं माझं ठाम मत आहे. काहींना एखादी गोळी आयुष्यभर लागेल. पण तेही कोणीतरी तपासून, समजून ठरवलेलं असावं.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना मी थोतांड म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्यांनी मुंबईचाच इतिहास पाहावा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचं, म्हणजे रक्तक्षयाचं, कारण ती शोधत होती. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे ब्रेडला लावायच्या मार्माइटसारख्या स्वस्त वस्तूनं, त्या बायकांचं रक्त सुधारतं हे तिनं दाखवलं आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर केला. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत जन्मजात दोष होता अशा स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर तो दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात ती मज्जानलिका गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत मिटते. पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं तोवर कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरवल्यावर लगेच सुरू करायची असते. इतका स्पष्ट फायदा असलेल्या गोष्टी वैद्यकात फार नाहीत.

बी १२ची गोष्टही तशीच. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातूनच मिळतं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत त्याचा आधार म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. ज्या आजींचं दूध चहापुरतं उरलं आहे, त्यांना ते पुरत नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी १२चं शोषण कमी होतं, आणि आम्लपित्तावरच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तरी तेच होतं. तळपायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं; घरचे म्हणतात, वय झालं. अशा माणसाची तपासणी करून त्याला बी १२ देणं ही चैन नव्हे, उपचार आहे. आणि इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ज्यांना गरज आहे त्यांच्या पोटात गोळी जात नाही, आणि ज्यांना नाही त्यांचे डबे भरलेले आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ ५५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. देशाचा आकडा ५७. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी सरकार मोफत देतं. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आशाताई ती घरपोच आणून देते आणि गोळी कपाटात पडून राहते. कारण? शौचाला काळं होतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, आणि "सरकारी गोळी" म्हणून तिच्यावर विश्वास नसतो. त्याच घरात सासऱ्यांसाठी दर महिन्याला दोन-तीन हजारांच्या चकचकीत बाटल्या येतात.

काळं होणं निरुपद्रवी आहे, एवढं कोणी त्या घरातल्या गरोदर सुनेला सांगितलं असतं तर? मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घे, चहा आणि दूध तासभर लांब ठेव, लिंबू-पाण्यासोबत घेतलीस तर लोह जास्त अंगी लागेल, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नकोस. दोन मिनिटांचं बोलणं आहे हे. दोन-दोन चहा आणि मधे पोहे असा इंदुरी सकाळचा क्रम असेल, तर लोहाची गोळी त्या वेळेत घेऊन उपयोग नाही, हे इथल्या माणसाला इथल्या भाषेत सांगावं लागतं. पोह्यांवर पिळलेलं लिंबू मात्र त्यातल्या लोहाच्या मदतीला येतं.

आता दुसऱ्या टोकाकडे. डी थ्रीचं ६०,००० युनिटचं पाऊच किंवा कॅप्सूल कोणत्याही मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला ६०० युनिटची शिफारस केली. म्हणजे एक पाऊच शंभर दिवसांचं झालं. कमतरता सिद्ध झाली तर डॉक्टर आठवड्याला एक असं साधारण आठ आठवडे देतात आणि मग मात्रा कमी करतात. ते योग्यच आहे. घोळ होतो तो नवव्या आठवड्यात. चिठ्ठी जुनी होते, मेडिकलवाला ओळखीचा असतो, आणि आठवड्याचा वार पाठ झालेला असतो. काही जणांना तर 'आठवड्याला एक' हे 'दिवसाला एक' असं ऐकू आलेलं असतं. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक जाते, उलट्या होतात, शोष पडतो, सारखी लघवी होते, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बंद केल्यावरही ते उतरायला आठवडे-महिने लागतात. माझ्या नात्यातल्या एका वयस्क माणसाला हे झालं, आणि घरच्यांनी ते कितीतरी दिवस उन्हाळा बाधला म्हणून सोडून दिलं होतं. मे महिन्यातल्या इंदुरात तसं वाटणं साहजिकही आहे. गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर उघडला तेव्हा उलगडा झाला.

"पण प्रकृती ठीक असली तरी थोडं संरक्षण म्हणून घ्यायला काय हरकत?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिलं आहे. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर काही वर्षं झालेल्या व्हायटल चाचणीत रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व किंवा ओमेगा ३ (माशाच्या तेलातलं द्रव्य) घेऊन कर्करोगाचं, किंवा हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण लक्षणीय घटलं नाही. २०२२ मध्ये त्याच चाचणीतून हाडं मोडण्याबद्दलचा निष्कर्ष आला. कमतरता पाहून न निवडलेल्या, एरवी निरोगी लोकांत तिथेही फरक पडला नव्हता. त्याहून जुनी आणि अंगावर काटा आणणारी गोष्ट फिनलंडची. तिथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. बीटा कॅरोटिननं फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. झालं उलटं. ते घेणाऱ्यांमध्ये कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. गाजरात असतं तेच द्रव्य. गाजर खाणाऱ्यांना काही झालं नव्हतं. "नुसतं जीवनसत्त्वच तर आहे" हे वाक्य मला तेव्हापासून सहन होत नाही.

नुकसान नेहमी एवढं मोठं नसतं. पुष्कळदा ते एका गोळीनं दुसरीच्या कामात पाय घातल्यामुळे होतं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची हे आपल्याकडच्या बहुतेक बायकांना माहीत असतं. पण तिच्यानंतर चार तास कॅल्शियम किंवा लोह घ्यायचं नाही, हे किती जणींना सांगितलं जातं? नाश्त्याबरोबर कॅल्शियम गेलं की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, अहवाल बिघडतो, डॉक्टर मात्रा वाढवतात. दोष वेळेचा आणि शिक्षा गोळीच्या आकड्याला. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यानं के जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन सुरू केली तर औषधाचा परिणाम उतरतो. केसांसाठी घेतलेलं जास्त मात्रेचं बायोटिन तर तपासणीलाच फसवतं. थायरॉइडचे आकडे खोटे येतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहतात ती ट्रोपोनिनची चाचणी खोटी कमी दाखवू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायला जाताना लॅबवाल्याला "केसांची गोळी घेते" हे सांगणं म्हणूनच आवश्यक आहे. आणि मुंग्यांसाठी घेतलेल्या 'नसांच्या गोळी'त बी ६ भरपूर असेल आणि ती वर्षानुवर्षं चालली, तर त्या बी ६नंच मुंग्या येऊ शकतात. मग मुंग्या वाढल्या म्हणून गोळी वाढते.

"आम्ही आयुर्वेदिकच घेतो" असं म्हणणाऱ्यांना वाटतं हे सगळं आपल्याला लागू नाही. मला आयुर्वेदाबद्दल आदर आहे, आणि म्हणूनच वैद्यानं नाडी पाहून, काळ ठरवून दिलेलं औषध आणि मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेली कॅप्सूल यांना मी एका पंक्तीला बसवत नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, की ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. मंत्रालयाचं म्हणणं क्षणभर खरं धरू. मग तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. वेलीच्या चुऱ्यावरून ती कोणती, हे ग्राहकानं कसं ओळखायचं? अश्वगंधा आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलनंतर यकृत बिघडल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भाजीतली चिमूटभर हळद आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं.

तरुणांच्या प्रोटीनच्या डब्यांबद्दल थोडक्यात. केरळच्या डॉक्टरांनी बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. सुमारे ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं आणि आत असलेलं प्रथिन जुळत नव्हतं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेनंही स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असा सल्ला दिला. साधारण माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. साठ किलोच्या मुलाला पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त. आपण माळव्यात राहतो, सोयाबीनच्या प्रदेशात. देशाची सोयाबीन संशोधन संस्था इथेच खंडवा रोडवर आहे. शंभर ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. इंदूरच्या मुलानं उधारी करून डबा आणावा, हे मला पटत नाही.

डबा किंवा बाटली घेतलीच, तर तिचा पुढचा भाग न वाचता मागचा वाचावा. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे यासंबंधीचे नियम २०१६चे आहेत. त्यांनुसार अशा उत्पादनावर ते आरोग्यपूरक असल्याचं आणि औषधी वापरासाठी नसल्याचं लिहावं लागतं, चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो, आणि तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 'औषधी वापरासाठी नाही' असं बारीक अक्षरात छापून मोठ्या अक्षरात गुडघेदुखी बरी करण्याची भाषा असेल, तर तिथेच परत ठेवावी. आकडेही नीट पाहावेत. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं. दोन वेगळ्या बाटल्यांत तोच घटक आहे का, हे एका कागदावर बेरीज केल्याशिवाय कळत नाही. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी आणि आठवड्याचं पाऊच, तिन्हींत ड जीवनसत्त्व, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. मूल हवं असलेल्या बाईनं तर अ जीवनसत्त्वाचा आकडा आवर्जून पाहावा. रेटिनॉलच्या रूपातलं जास्त अ गर्भाला बाधतं.

पण हे सगळं ग्राहकाच्या डोक्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही, कारण गोळी आपल्याकडे दुकानातून येते त्यापेक्षा माणसांतून येते. पश्चिम इंदुरातल्या एका सभागृहात ज्येष्ठांसाठी हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर होतं. टाचेला जेल लावून, छोट्या यंत्रात पाय ठेवून दोन मिनिटांत चिठ्ठी. चिठ्ठीवर हिरवा, पिवळा, लाल पट्टा. माझ्यासमोर बसलेल्या मावशींचा बाण पिवळ्यात आला आणि त्यांचा चेहरा उतरला. पुढच्याच टेबलावर कॅल्शियमचे डबे, "तीन महिन्यांचा कोर्स, शिबिरात सवलत." टाचेचं यंत्र फार तर पुढची तपासणी कोणाला हवी एवढं सुचवतं, निदान व्हायला खुबा आणि मणक्याचं डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, लागतं. हे मावशींना कोणीच सांगितलं नाही. त्या दूध किती पितात, चालतात का, आधी हाड मोडलंय का, मूतखडा झालाय का, हेही कोणी विचारलं नाही. शिबिर मंडळानं भरवलं होतं, म्हणून मावशींनी विश्वासानं पैसे काढले. विकला गेला तो मंडळाचा शब्द.

साखळी विक्रीचंही तेच. ऑफिसातला सहकारी, भिशीतली मैत्रीण, नणंदेची जाऊ. "वहिनी, मी स्वतः घेते, फरक बघा" असं घरात चहा पिताना म्हटल्यावर नाही म्हणायचं कसं? २०२१च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना मनाई केली आहे, पण नात्यातल्या संकोचाला कोणता कायदा मना करणार? इथे आपणच एकमेकांना मोकळीक द्यायला हवी. "माझ्या डॉक्टरांना विचारून सांगते" हे वाक्य अपमान समजू नये, आणि जी वहिनी हे ऐकून रुसते तिच्याकडून तर मुळीच घेऊ नये.

डॉक्टरांकडूनही माझी अपेक्षा आहे. रक्तदाबाची गोळी लिहिताना जितका विचार होतो तितकाच व्हिटॅमिन लिहिताना व्हावा आणि चिठ्ठीवर 'या तारखेला बंद' असं वाचता येईल अशा अक्षरात लिहावं. ओपीडीत शंभर माणसं उभी असताना वेळ नसतो हे मला कळतं. पण तारीख लिहायला वेळ लागत नाही, आणि ती लिहिली की मेडिकलवाल्यालाही नाही म्हणता येतं. ६०,००० युनिटचं पाऊच तारीख उलटलेल्या चिठ्ठीवर देऊच नये, असा नियम राज्याच्या औषध प्रशासनानं कडकपणे पाळायला लावावा. सरकारनं लाल गोळीचे आकडे मोजताना किती वाटल्या याऐवजी किती जणींच्या पोटात गेल्या हे विचारावं. आशाताईंना त्या दोन मिनिटांच्या बोलण्याचा मोबदला द्यावा.

इंदूरच्या मराठी मंडळांना मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. येत्या गणेशोत्सवात एक दिवस विक्रीचं टेबल न लावता गोळ्या तपासण्याचं शिबिर भरवता येईल. प्रत्येकानं घरातली प्रत्येक बाटली, पाऊच, चूर्ण, काढा पिशवीत भरून आणायचा. समोर एक डॉक्टर, आणि विद्यापीठाच्या फार्मसी विभागातले किंवा महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले दोन-तीन विद्यार्थी, बोलावले तर येतील असे. एका कागदावर प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा, कशासाठी, कोणी सांगितली, कधी थांबवायची. ज्या गोळीपुढचे रकाने रिकामे राहतील ती बाजूला काढून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायची. लिहून दिलेली औषधं तिथे कोणी परस्पर बंद करायची नाहीत. प्रायोजक म्हणून कोणत्याही गोळीवाल्या कंपनीचा एक रुपयाही घ्यायचा नाही. एखाद्या गोळीनं त्रास झाल्याचं आढळलं, तर देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर ते त्याच टेबलावरून कळवता येईल.